रेसिंग ग्लायडर हातात कसं वागतं? गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

मी दारव्हा तालुक्यातला. नोकरीच्या निमित्ताने नऊ वर्षं दक्षिण जर्मनीत राहिलो. तिथल्या एका क्लबात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकलो आणि पुढे स्पर्धेची ग्लायडरंही उडवली. उन्हाळ्यात गावी आलो की पारावर, लग्नाच्या पंगतीत, यवतमाळच्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडून तेच तेच प्रश्न येतात. एकदाची सगळी उत्तरं लिहून ठेवतो आहे. काही प्रश्न ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत ठेवलेत.

"इंजिन नाही त खाली पडत काउन नाही?"

पडतंच असतं, फक्त फार हळू. चांगलं रेसिंग ग्लायडर ताशी १०० किलोमीटरने पुढे जाताना सेकंदाला जेमतेम ६० सेंटिमीटर खाली येतं. आता ज्या हवेत ते आहे तीच हवा सेकंदाला तीन मीटरने वर चालली असेल, तर ग्लायडर खाली घसरता घसरताही वरच जाणार. अशा वर जाणाऱ्या हवेला थर्मल म्हणतात. एप्रिलमध्ये दुपारी नांगरलेल्या वावरात वावटळ उठते, पालापाचोळा, पऱ्हाटीच्या काड्या, खताची रिकामी पिशवी गरगरत वर जाते, ते थर्मलचं बूड. त्याच्या वर पाहा, बहुतेक वेळा एखादी घार पंख न हलवता गिरक्या घेताना दिसेल. आम्ही तेच करतो, घारीइतकं चांगलं नाही एवढंच.

साध्या आणि रेसिंग ग्लायडरमध्ये फरक काय?

नांगराची जोडी आणि शंकरपटाची जोडी यात जो असतो तोच. तळेगाव दशासरचा पट ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. दोन्ही बैलच, पण पटाच्या जोडीला नुसता शेपटीला हात लागला तरी ती उधळते, आणि धुरकऱ्याला विचार करायला वेळ नसतो.

आकड्यांत सांगायचं तर, शिकाऊ ग्लायडर म्हणून जगभर चालणारं एएसके २१ एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत साधारण ३४ किलोमीटर जातं. १५ मीटर पंखांचं, १९९०च्या दशकातलं एएसडब्ल्यू २७ तेवढ्याच उंचीवरून ४८ च्या आसपास जातं. ३०.९ मीटर पंखांचं एटा नावाचं जर्मन ग्लायडर तर ७० पर्यंत. यवतमाळहून वर्धा सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या थोडं वर आहे. यवतमाळवर दीड हजार मीटर उंची असली की एएसडब्ल्यू २७ कागदावर वर्ध्याला पोचतं आणि उतरण्यापुरती उंचीही उरते. कागदावर म्हणालो, कारण वाटेत खाली जाणारी हवाही भेटते आणि परतताना उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा नाकावर बसतो. उरलेल्या उंचीच्या हिशोबात सगळं शेवटपर्यंत ताणणारा पायलट फार दिवस टिकत नाही.

हा फरक आला तो मुख्यतः काचतंतूमुळे (फायबरग्लास). लाकडी पंख हवेला हवा तसा गुळगुळीत राहत नाही. १९५७ साली श्टुटगार्टच्या विद्यार्थी गटाचं फीनिक्स उडालं, ते काचतंतूचं पहिलं ग्लायडर. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत स्पर्धेतून लाकूड हद्दपार झालं. आता कार्बनतंतू आहे, त्यामुळे पंख लांब, बारीक आणि तरीही ताठ करता येतात.

मग उडवायला अवघड असतं का?

हा खरा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

हातात ते अवघड नसतं. उलट शिकाऊ ग्लायडरपेक्षा हलकं आणि गोड लागतं. दांडा दोन बोटांत धरायचा. तुम्ही जवळजवळ आडवे पडलेले असता, डोळ्यांसमोर काच आणि काचेपलीकडे आभाळ. अडचण अशी की ते चूक लगेच सांगत नाही. शिकाऊ ग्लायडरचं नाक जरा खाली गेलं की वाऱ्याचा आवाज वाढतो, सगळं खडखडायला लागतं, म्हणजे आपोआपच कळतं. रेसिंग ग्लायडर तेवढंच नाक खाली गेल्यावर गप्प राहतं. चार-पाच सेकंदांनी काट्याकडे पाहावं तर ताशी ११० चे १५० झालेले. हवेचा अडथळाच इतका कमी की वेग खायला कोणी नाही.

माझं पहिलं सिंगल सीट फ्लॅपवालं (फ्लॅपचं पुढे सांगतो) उड्डाण आठवतं. दोरावर ओढत नेणाऱ्या विमानामागे मी वरखाली, वरखाली हेलकावे खात होतो. दांडा जरा मागे घेतला की उसळी, घाबरून पुढे केला की डुबकी. माझी दुरुस्ती प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशिरा पडत होती आणि हेलकावा वाढत होता. शेवटी मनगट मांडीवर टेकवलं आणि दांडा नुसता धरून ठेवला. दोन हेलकाव्यांत ते स्वतःच शांत झालं. खाली आल्यावर माझे प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "उडवत तू नव्हतास तेव्हाच ते नीट उडत होतं."

तेव्हापासून नवीन माणसाला मी एकच सांगतो: वेग नाकाच्या क्षितिजाशी असलेल्या जागेवरून सांभाळा. काटा फक्त खात्रीसाठी. काट्यामागे धावलात की कायम उशीर होणार.

पंख इतके लांब, मग वळतं कसं?

वेळ घेऊन वळतं, आणि पाय वापरल्याशिवाय नीट वळत नाही.

उजवीकडे कलायचं तर दांडा उजवीकडे जातो, डाव्या पंखावरचं एलेरॉन, म्हणजे टोकाजवळची मागच्या काठाची हलती फळी, खाली येतं. त्या पंखाला उचल जास्त मिळते, पण त्याबरोबर ओढही जास्त बसते, आणि ती ओढ सात-आठ मीटर लांब टोकाजवळ असते. म्हणजे वळायचं उजवीकडे आणि नाक निघालं डावीकडे. याला उतारा उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीची उभी फळी वळवणारं पायडल, दाबण्याचा, तोही दांड्याबरोबरच, किंवा लांब पंखांच्या ग्लायडरात किंचित आधी. स्कूटर-मोटारसायकलची सवय असलेल्यांचे पाय झोपलेले असतात, त्यांना हे महिनाभर जड जातं.

मोजायला उपकरण काय? काचेवर चिकटवलेला चार इंच लोकरीचा धागा. कोटीभराच्या यंत्रातलं सगळ्यात खरं बोलणारं उपकरण तेच. धागा सरळ मागे पडला म्हणजे ग्लायडर हवेत सरळ घुसतंय. तिरका झाला तर अंग तिरकं करून चाललंय, म्हणजे उंची फुकट जातेय.

युरोपच्या प्रमाणपत्र नियमांत याला मापही आहे. ४५ अंश एका बाजूला कललेलं ग्लायडर ४५ अंश दुसऱ्या बाजूला जितक्या सेकंदांत गेलं पाहिजे तो आकडा पंखांच्या मीटरमधल्या लांबीला तीनने भागून येतो. १५ मीटरला पाच सेकंद, १८ मीटरला सहा. पाच सेकंद मोठ्याने मोजून पाहा. समोर दुसरं ग्लायडर असताना ते फार लांब वाटतात.

"आभाळातून फवारणी करता का भाऊ?"

नाही. ते पाणी असतं. मोबाईलवर कोणीतरी स्पर्धेचा व्हिडिओ दाखवतं, पंखांमागे पांढरी रेघ दिसते आणि लोकांना बोंडअळीवरचं औषध आठवतं.

१५ मीटरच्या ग्लायडरच्या पंखांत दीडशे-दोनशे लिटर पाणी भरतात, म्हणजे आपल्या घरचा एक प्लास्टिकचा ड्रम. उतरण्याआधी ते सोडून देतात. आमच्या गावी मे महिन्यात टँकरसमोर रांग लागते, तिथे हे सांगताना मला दरवेळी ओशाळल्यासारखं होतं.

पण वजन वाढवून फायदा काय? जड झालं की खाली येणार ना?

येणार, पण त्याच उतारावरून, फक्त जास्त वेगाने. समजा ग्लायडर, पायलट धरून ३५० किलो आहे आणि पाण्याने ५२५ केलं. वजन दीडपट झालं की प्रत्येक वेग दीडच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. जे १०० च्या वेगाला उंचीच्या ४८ पट अंतर कापत होतं ते आता १२२ च्या वेगाला ४८ पटच कापतं. शर्यत अंतराची कमी, वेळेची जास्त असते, म्हणून हा सौदा परवडतो.

किंमत थर्मलमध्ये मोजावी लागते. ४५ अंश कलून १०० च्या वेगाने फिरलात तर वर्तुळाची त्रिज्या ८० मीटरच्या आत असते आणि फेरी १८ सेकंदांत पुरी होते. पाणी भरून १२० ने फिरावं लागलं की त्रिज्या ११० मीटरच्या पुढे जाते. थर्मल अरुंद असेल तर अर्धी फेरी त्याच्या बाहेरच. म्हणून थर्मल जोरात असेल त्या दिवशीच पाणी, नाहीतर ओझं.

हातात काय बदलतं? पंखांच्या टोकापर्यंत वजन गेल्यामुळे कलायला सुरुवात उशिरा होते आणि कलणं थांबवायलाही उशीर होतो. बैलबंडीत कापसाचे गाठोडे आणि गहू यात वळणावर जो फरक पडतो तो. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचल सोडतो तो, ७० चा ८६ होतो. आणि एका पंखातलं पाणी सुटलं, दुसऱ्यातला व्हॉल्व्ह अडकला, तर उतरताना एक पंख आधी बसतो. त्यासाठी वेग थोडा जास्त ठेवायचा आणि जड पंखाच्या बाजूला वळणं टाळायची.

फ्लॅप नक्की कशासाठी?

पंखाचा मागचा काठ खाली-वर करून तोच पंख दोन-तीन कामांना लावण्यासाठी. थर्मलमध्ये हळू फिरताना फ्लॅप खाली, म्हणजे धन. दोन थर्मलच्या मधे सुसाट जाताना थोडा वर, म्हणजे ऋण. उतरताना सगळ्यात खाली. डिस्कस, एलएस ८ सारख्या स्टँडर्ड वर्गातल्या ग्लायडरना फ्लॅप नसतात. नव्याने स्पर्धेत येणाऱ्याने त्यापासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. डाव्या हाताला एक काम कमी, डोळे बाहेर जास्त.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना उलटी वाटते. धावपट्टीवर सुरुवातीला फ्लॅप ऋण ठेवतात. वेग नसताना पंखाचं टोक हवेला जास्त कोनात असेल तर एलेरॉनचं काही चालत नाही. ऋण ठेवल्यावर चालतं. पकड आली की फ्लॅप धनकडे, मग चाक उचलतं.

सगळ्यात धोक्याचा क्षण कोणता?

लोक म्हणतात उतरणं. माझ्या मते पाणी भरून निघतानाचे पहिले आठ-दहा सेकंद. एक माणूस पंखाचं टोक धरून चार पावलं धावतो आणि सोडतो. त्या वेगाला एलेरॉन अर्धमेले, पाणी एका बाजूला सरकलेलं, बाजूचा वारा असेल तर बघायलाच नको. पंखाचं टोक गवतात टेकलं की ग्लायडर त्या टोकाभोवती गर्रकन फिरतं. म्हणून डावा हात दोर सोडण्याच्या पिवळ्या मुठीजवळच असतो. टोक खाली जातंय आणि एलेरॉनने थांबत नाही, तर दोर सोडायचा. "बघू, सावरेल" हा विचार तिथे चालत नाही.

त्याच्याही आधीचा धोका जोडणीचा. ग्लायडर ट्रेलरमधून येतं, पंख आणि शेपूट मैदानात जोडतात. नव्या यंत्रांत नियंत्रणं आपोआप जुळतात, जुन्यांत हाताने. शेपटीचं एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी फळी, जोडायचं राहिल्यामुळे माणसं गेली आहेत. म्हणून जोडणी झाल्यावर दुसरा माणूस एलेरॉन-एलेव्हेटरसारखे हलते भाग हाताने दाबून धरतो आणि पायलट दांडा हलवून पाहतो. त्या वेळी कोणी गप्पा मारायला आलं तर जोडणी पहिल्यापासून तपासायची. चहा नंतर.

वजन पुढे-मागे केल्याने काय होतं?

गुरुत्वमध्य मागे नेला की शेपटीला कमी ढकलावं लागतं, थोडी ओढ वाचते, म्हणून स्पर्धक तो मर्यादेच्या मागच्या काठाकडे नेतात. बदल्यात दांडा फार हलका होतो, वेग स्थिर राहत नाही आणि स्पिनमध्ये जायची खोड वाढते. हलक्या अंगाच्या पायलटने सीटखाली शिसं घालायलाच हवं. किमान वजनाचा आकडा कॉकपिटमध्ये पाटीवर लिहिलेला असतो.

स्पिन म्हणजे काय, आणि त्यातून निघता येतं का?

एक पंख उचल सोडतो, दुसरा धरून राहतो आणि ग्लायडर नाक खाली करून गरागरा फिरत उतरायला लागतं. निघता येतं. फिरण्याच्या उलट बाजूचं रडर पूर्ण, एलेरॉन मध्ये, दांडा पुढे, फिरणं थांबलं की रडर मध्ये आणि हळूच बाहेर. फ्लॅप धन असतील तर आपल्या ग्लायडरच्या पुस्तिकेत सांगितलंय तसे मागे घ्यायचे.

"हळूच" या शब्दावर रेसिंग ग्लायडरमध्ये फार काही अवलंबून आहे. फिरणं थांबतं तेव्हा नाक जवळपास जमिनीकडे असतं आणि हे यंत्र त्या स्थितीत डोळे मिटून उघडेपर्यंत वेग पकडतं. उशीर केला तर कमाल वेग ओलांडतो, जोरात ओढलं तर पंखांवर भार. शिकाऊ दोनसीटरात स्पिन शिकलेला माणूस इथे दुसऱ्या चुकीने अडकतो.

किती वेगाने उडायचं हे कसं ठरवतात?

पॉल मॅक्रेडी नावाच्या अमेरिकन पायलटने याचं गणित व्यवहारात आणलं. १९५६ साली फ्रान्समध्ये झालेली जागतिक स्पर्धा त्याने जिंकली. पुढे १९७७ मध्ये माणसाच्या पायडलवर उडणारं विमानही त्याचंच. तत्त्व असं: पुढचा थर्मल किती जोराचा मिळेल हे ठरवा आणि त्यावरून दोन थर्मलच्या मधला वेग. सेकंदाला तीन मीटर मिळेल अशी खात्री असेल तर पाणी भरलेलं १५ मीटरवालं ताशी १७०–१९० ने हाकायचं. एकच मीटर मिळणार असेल तर बरंच कमी. खाली जाणाऱ्या हवेत आणखी वेगाने, वर जाणाऱ्या हवेत हळू.

गणित सोपं, अंदाज अवघड. मागच्या थर्मलने चांगलं उचललं म्हणून पुढचा तसाच असेल असं धरून चालणारे संध्याकाळी कुठल्यातरी वावरात ट्रेलरची वाट पाहत बसतात. मीही बसलोय.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात असं ग्लायडर कसं वागेल?

इथे मी रेसिंग ग्लायडर उडवलेलं नाही. पण नामिबियात कलहारीच्या कडेला बिटरवासरला दोन आठवडे होतो, आणि आपल्या नवतप्याची आठवण तिथे रोज यायची.

पहिली गोष्ट विरळ हवा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, पण पारा ४५ वर गेला की तिथली हवा दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. काटा नेहमीचाच वेग दाखवतो, जमिनीवरून मात्र तुम्ही सात-आठ टक्के जोरात पळत असता. ओढणारं विमान दमतं, धावपट्टी जास्त लागते, टेकल्यावरही लांब जातं.

दुसरी गोष्ट कमाल वेगाची. थर्मल उंच नेतात, आणि उंचीवर काट्यावरचा कमाल वेग खालच्या इतका धरायचा नसतो. पंखांची फडफड, ज्याला फ्लटर म्हणतात, ती हवेतल्या खऱ्या वेगाशी जोडलेली आहे. कॉकपिटमध्ये उंचीनुसार उतरता तक्ता लावलेला असतो, तो पाहायचा. दुपारचे थर्मल ठोसे मारतात, अशा वेळी काटा हिरव्या पट्ट्यातच हवा.

तिसरी गोष्ट किडे. पंखाच्या पुढच्या काठावर मेलेले किडे चिकटले की गुळगुळीत वाहणारी हवा तिथेच उधळते आणि कामगिरी सरळ घसरते. स्पर्धेच्या ग्लायडरना दोरीवर चालणारं छोटं पुसणं असतं, ते उडता उडता पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत जाऊन परत येतं. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आपल्या दिव्याभोवती जे जमतं ते पाहता इथे दोन पुसणी लागतील.

उतरताना काय वेगळं?

ते उतरायलाच मागत नाही. एअरब्रेक, म्हणजे पंखातून बाहेर येऊन हवा अडवणाऱ्या फळ्या, न उघडता १० मीटर उंचीवरून ४८ पट म्हणजे ४८० मीटर जाईल, आणि जमिनीलगत त्याहूनही जास्त. म्हणून एअरब्रेक अर्धे उघडे ठेवून यायचं, म्हणजे कमी-जास्त दोन्ही करायला वाव राहतो. वेग स्टॉलच्या १.३ पट, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या निम्मा. भीतीपोटी आणखी १५ घेतलेत तर वावर संपेल, ग्लायडर थांबणार नाही.

पाणी सोडलं का, चाक बाहेर का, हे उंचीवर असतानाच. चाकाचा दांडा आणि एअरब्रेकचा दांडा यांची गफलत करून लोकांनी पोटावर ग्लायडर घासलीत.

वावर निवडताना आपल्याकडे तीन गोष्टी पाहाव्या लागतील. कृषिपंपाच्या तारा, ज्या वरून दिसतच नाहीत, खांब मोजायचे. उभी पऱ्हाटी किंवा तूर, ती पंख धरून फिरवते. आणि उन्हाने तडकलेली काळी जमीन. मे महिन्यात आमच्या वावरातल्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेलाय, ग्लायडरचं लहान चाक त्यात सहज जाईल. हरभरा किंवा गहू काढलेलं सपाट वावर मिळालं तर देव पावला. धुऱ्याला समांतर उतरायचं, धुरा ओलांडून नाही.

आता तर इंजिनवाली ग्लायडरंही आहेत ना?

आहेत, नाकावर बॅटरीची मोटर असलेली किंवा पाठीतून पंखा बाहेर काढणारी. पाठीतला पंखा बाहेर आला आणि इंजिन चालू झालं नाही तर ओढ एकदम वाढते आणि ४८ चा आकडा विसरायचा. म्हणून उतरण्याजोगं वावर खाली दिसत असेल तेव्हाच, हातात उंची असताना, चालू करून पाहायचं.

किंमत?

नव्याची कोटीच्या पुढे. एलएस ४ नावाचं जुनं ग्लायडर त्याच्या लहानशा हिश्शात मिळतं आणि ते आजही उत्तम आहे.

शिकायचं कुठे?

महाराष्ट्रात ग्लायडिंग म्हटलं की पुण्यात हडपसरचं सरकारी केंद्र. प्रवेश सुरू आहेत का हे आधी विचारून मगच तिकीट काढा. आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसीला विमान शिकवतात, ग्लायडर नाही. रेसिंग ग्लायडरच हवं असेल तर आधी पन्नासेक तास साधं उडवा, परदेशी क्लब तेवढं विचारतातच.

"आमच्या वावरात उतरलं त काय करायचं?"

आधी पायलटला पाणी द्या. मग पंखाच्या टोकाला किंवा शेपटीला धरून कोणी उचलू नये, पायलट सांगेल तिथेच हात लावा. पोरांना पंखावर बसू देऊ नका. गुरं लांब बांधा, म्हशीला अंग घासायला असा गुळगुळीत खांब दुसरा मिळत नाही. उभ्या पिकातून झुंबड येऊ देऊ नका, नुकसान ग्लायडरपेक्षा बघ्यांनीच जास्त होतं. आणि वरची काच उन्हात उघडी ठेवू नका. ती भिंगासारखी ऊन एका जागी आणते, आतली गादी जळते. धोतर, गोधडी, ताडपत्री, जे हाताशी असेल ते टाका.